चांदोलीचे रान

नव्या दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून कोपर्निकस मार्ग निघतो. याच मार्गावर दूरदर्शनची भव्य इमारत आहे आणि महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तूही आहे. महाराष्ट्रातून हिमालयाकडे निघालेल्या अनेक मंडळींचा दिल्ली हा वाटेवरचा मुक्काम असतो. पाठीवर बोचके, पायांत जाड तळाचे बूट आणि डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे अशा थाटात ही मंडळी पुढची गाडी गाठतात. दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही रानावनाची हौस असली, की कॉर्बेटचे अरण्य किंवा कुलूचे खोरे आठवते. त्यांत वावगे काहीच नाही. तथापि त्यांच्यापैकी एखाद्याला चांदोलीचे नाव सांगितले, तर बहुधा प्रतिप्रश्न येतो : चांदोली म्हणजे धरणच ना? त्या धरणामागे, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, ३१७ चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचे एक राष्ट्रीय उद्यान आहे, याची वार्ता महाराष्ट्रातही सर्वांच्या कानी गेलेली नाही.

ज्या ज्योतिर्विदाचे नाव दिल्लीतील या मार्गास दिले आहे, त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला आणि पृथ्वीला विश्वाच्या केंद्रस्थानावरून बाजूला व्हावे लागले. माणसाच्या अभिमानाला तो मोठाच धक्का होता. रानात पायी जाणाऱ्याच्या वाट्याला हाच धक्का अल्प प्रमाणात येतो. शहरात सर्व व्यवस्था माणसासाठी असते. रानात मात्र तो एक आगंतुक पाहुणा असतो. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याला चांदोलीत पुष्कळ दिसते. ज्याला ती उमगली नाही, तो दिवसभर धूळ खाऊन ‘काहीच दिसले नाही’ अशी तक्रार करीत परततो.

चांदोलीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा या डोंगराळ मुलखात एकमेकींस भिडतात. पूर्वेकडे देश, पश्चिमेकडे कोकण आणि मधोमध सह्याद्रीची धार. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे ते एक हजार मीटर उंचीचा हा प्रदेश आहे. वारणा नदी याच डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन सांगलीनजीक हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्यावर चांदोली येथे मातीचे धरण बांधले आहे. सुमारे ३४ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या त्या जलाशयास वसंतसागर असे नाव आहे. जलाशयाचे फाटे डोंगरांच्या घड्यांत दूरवर शिरलेले आहेत, आणि त्यांच्या काठाकाठाने रान पसरले आहे.

दिल्लीहून येणाऱ्यास निजामुद्दीन स्थानकावरून निघणारी गोवा एक्स्प्रेस पुण्यावरून मिरजेस आणून सोडते. मुंबई-पुण्याकडील प्रवासी कऱ्हाडवरून येतो. पुढे नागपंचमीच्या उत्सवासाठी प्रसिद्ध असलेले बत्तीस शिराळा लागते. उसाचे हिरवे पट्टे हळूहळू मागे पडतात, डोंगर जवळ येतात, आणि वारणावतीची वसाहत ओलांडून मणदूर गाठले, की उद्यानाचा नाका येतो. एवढ्या वाटेवर भूगोलाचा एक धडा आपसुकच मिळतो. कारण ज्या उसाच्या मळ्यांमधून गाडी आली, त्यांचे पाणी ज्या डोंगरांवरून येते, त्याच डोंगरांकडे ती चाललेली असते.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे नेमके काय, हे येथे सांगितले पाहिजे. ‘उद्यान’ हा शब्द ऐकताच फुलांचे ताटवे आणि बसावयास बाके डोळ्यांपुढे येतात. पण कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ फार निराळा आहे. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन येथे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. भारतात १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेच आज कॉर्बेटच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात ताडोब्याला हा मान १९५५ साली मिळाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत स्पष्ट भेद केला. अभयारण्यात काही मर्यादेत गुरे चारण्यास मुभा मिळू शकते व लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात तसे नाही. तेथे चराईस मनाई असते, आणि भूमीवरील सर्व खाजगी हक्कांचा निवाडा झाल्यावाचून उद्यानाची अंतिम घोषणा होत नाही. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. या दोन वर्षांमधील अंतरात अनेक घरांच्या चुली विझल्या. पण तो विषय ओघाने पुढे येईल.

चांदोलीच्या उत्तरेस कोयना अभयारण्य आहे. ते ४२३ चौरस किलोमीटरांचे असून तेही १९८५ सालचेच. ही दोन्ही क्षेत्रे मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प निर्माण झाला. गाभ्याचे आणि भोवतालचे क्षेत्र धरून त्याचा विस्तार सुमारे ११६५ चौरस किलोमीटर भरतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील स्थळे चारच : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. एकमेकांपासून फार दूर नसलेली ही चार नावे जगाच्या यादीत गेली, याचे कारण तेथील वनस्पती आणि प्राणी. त्यांपैकी कित्येक जाती पश्चिम घाटावाचून पृथ्वीवर अन्यत्र कोठेही सापडत नाहीत.

येथील रानाचे स्वरूप समजून घ्यावयाचे, तर प्रथम पाऊस समजून घ्यावा लागतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. या भागातील पाथरपुंज हे छोटेसे गाव पावसाच्या आकड्यांसाठी प्रसिद्धीस आले आहे. काही वर्षी तेथील पावसाने पाच हजार मिलिमीटरांची मर्यादा सहज ओलांडली आहे. पूर्वेकडे पन्नास-साठ मैलांवर माणदेशात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि येथे चार महिने सूर्यदर्शन दुर्मिळ होते. हे सारे पाणी एकदम वाहून जात नाही. सदाहरित झाडांची दाट पानझड, मुळांची जाळी आणि सच्छिद्र जांभा दगड ते धरून ठेवतात. मग डिसेंबरातही ओढे झुळझुळत राहतात. धरण माणसाने बांधले हे खरे. परंतु त्या धरणाच्या वर निसर्गाने बांधलेले दुसरे धरण आहे, आणि त्याच्या भिंती झाडांच्या आहेत. ते खचले, तर खालच्या धरणात पाण्याऐवजी गाळ साचेल.

या रानात अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, नाणा, आंबा व फणस हे वृक्ष आहेत. उतारावर कारवीचे दाट रान माजते. ही कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदा फुलते आणि बीज टाकून मरून जाते. दऱ्यांमध्ये झाडी इतकी निबिड असते, की भर दुपारी संधिप्रकाश भासतो. आणि मग अकस्मात झाडी संपून एखादा उघडा खडकाळ माळ समोर येतो. त्यास येथील लोक ‘सडा’ म्हणतात. झोळंबीचा सडा हा त्यांतला नामांकित. उन्हाळ्यात तो काळाठिक्कर आणि निर्जीव दिसतो. परंतु पावसाळ्याच्या अखेरीस त्याच खडकावर मातीच्या बोटभर थरात गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याची पिवळी फुले आणि सीतेच्या आसवांची निळाई पसरते. ही सीतेची आसवे दिसावयास नाजूक, पण वृत्तीने मांसाहारी आहेत. खडकावरील मातीत सत्त्व नाही, म्हणून ही वनस्पती मुळांपाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली गरज भागविते. दारिद्र्यावर मात करण्याचे असे मार्ग सड्यावर पावलोपावली पाहावयास मिळतात.

प्राण्यांत अग्रमान गव्याचा. पुष्ट नराचे वजन एक हजार किलोग्रॅमपर्यंत भरते. अंग काळेभोर, खांदे उंच आणि गुडघ्याखाली पाय पांढरे, जणू कोणी मोजेच घातले आहेत. एवढे प्रचंड धूड. पण माणसाचा वास येताच कारवीत असे नाहीसे होते, की फांदीही हललेली दिसत नाही. गव्याच्या खालोखाल सांबर, भेकर, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या आणि टोळीने शिकार करणारा रानकुत्रा अर्थात कोळसुंदा. अगदी लहानांत पिसोरी. जेमतेम फूटभर उंचीचा, शिंगे नसलेला हा प्राणी रात्रीच्या वेळी वावरतो आणि म्हणून फार थोड्यांच्या दृष्टीस पडतो. झाडांच्या शेंड्यावर शेकरू उड्या घेते. ही तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती एकाच वेळी अनेक घरटी बांधून ठेवते. एखाद्या झाडावर फांद्यांचा मोठा गोळा दिसला, की ते शेकरूचे बिऱ्हाड असे खुशाल समजावे.

पक्ष्यांत धनेशाची कथा विलक्षण आहे. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेऊन स्वतःला आत कोंडते. केवळ चोच बाहेर येईल एवढी फट राहते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांना फळे भरवीत असतो. त्या काळात नर मारला गेला, तर सारे कुटुंबच संकटात सापडते. शिवाय धनेशाला ढोलीसाठी जुना, जाड बुंध्याचा वृक्ष लागतो. आणि उंबर-वडाची फळे खाऊन त्यांच्या बिया रानभर पसरविणाराही तोच. म्हणजे जुने झाड तुटले तर धनेश जातो, आणि धनेश गेला तर नव्या झाडाचा पेरा थांबतो.

आता नवख्या प्रवाशास पडणारा प्रश्न असा, की हे सारे दिसावयाचे कसे? ताडोब्याचे रान पानझडी आणि मोकळे आहे. तेथे वाहनात बसूनही वाघ दिसतो. चांदोलीचे रान तसे नाही. येथे डोळ्यांआधी कानांचे काम सुरू होते. वानरांच्या टोळीतील एखादा टेहळ्या ‘खक् खक्’ असा खाकरू लागला, भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागले किंवा सांबराने एकच खणखणीत हाक दिली, की जाणत्याने थबकावे. कोणी शिकारी प्राणी जवळपास फिरत आहे. नंतर दृष्टी जमिनीकडे वळवावी. ओल्या मातीवरील ठशात नखांच्या खुणा नसतील, तर तो मार्जारकुळातला, कारण चालताना ही जात नखे आत ओढून घेते. नखे उमटली असतील तर तो रानकुत्रा किंवा कोल्हा. अस्वलाने वारूळ फोडलेले असते, गव्याने झाडाची साल सोललेली असते, बिबट्याने बुंध्यावर नखे ओढलेली असतात. ही रानाची लिपी आहे. ती वाचता येऊ लागली, की एकही प्राणी समोर न येता गेलेला दिवस रिकामा वाटत नाही.

ही लिपी शिकविणारे गुरू म्हणजे तेथील वाटाडे आणि वनरक्षक. त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच डोंगरात नांदले. कोणत्या पाणवठ्यावर उन्हाळ्यात पाणी टिकते, कोणती वाट धुक्यात कड्यावर नेऊन सोडते, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते. उद्यानाच्या गाभ्यात मन मानेल तेथे भटकता येत नाही. वनखात्याची अनुमती घेऊन, ठरलेल्या वाटेनेच आणि वाटाड्यासह जावे लागते. ही अट काहींना जाचक वाटते. पण ती पाळणाऱ्याचा लाभच अधिक होतो.

डोंगर चढण्याची ज्यांना विशेष आवड आहे, त्यांच्यासाठी या प्रदेशात जुने किल्ले आहेत. उत्तरेस कोयनेच्या रानात वासोटा उभा आहे. बामणोलीहून नावेने शिवसागराचे विस्तीर्ण पाणी ओलांडावयाचे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावयाची आणि मग दाट झाडीतून चढण चढावयाची, असा तेथील क्रम. माथ्यावरून कोकणात कोसळणारा बाबूकडा पाहिला, की छाती दडपते. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तेव्हा पेशव्यांनी तेथे कैदेत ठेवलेले दोन इंग्रज अधिकारी सुटले. गडावर रात्रीच्या मुक्कामास आता अनुमती नाही. दिवस मावळण्यापूर्वी परतीची नाव गाठावी लागते. दक्षिणेस प्रचितगड आहे. त्याच्या पायथ्याशी कोकणात शृंगारपूर. शिवाजी महाराजांनी ते १६६१ साली सुर्व्यांकडून जिंकले. येसूबाईंचे माहेर असलेले शिर्क्यांचे घराणेही तेथीलच. तेथून प्रचितगडाची चढण अतिशय उभी असून शेवटचा टप्पा शिडीने चढावा लागतो.

वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. किल्ल्यांची नावे उगाच पडत नाहीत. सह्याद्रीच्या या भागात एके काळी वाघाचा संचार होता, याची साक्ष खेडोपाडीच्या वाघजाई आणि वाघोबाच्या ठाण्यांतही मिळते. परंतु शिकार, रानाची तोड आणि भक्ष्याची टंचाई यांमुळे तो विरळ होत गेला. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ होते. पण त्यांपैकी बहुतेक विदर्भात. सह्याद्री व्याघ्रप्रकल्प स्थापन झाल्यावर तेथे स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघाचे पहिले छायाचित्र टिपले ते २०१८ च्या मे महिन्यात, म्हणजे तब्बल आठ वर्षांनी. पुढे २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक वाघ टिपला गेला. हे वाघ दक्षिणेकडून, कर्नाटक, गोवा, तिलारी आणि राधानगरी अशा रानांच्या साखळीने चालत येतात. ही साखळी जेथे खाणींनी, रस्त्यांनी आणि वृक्षतोडीने तुटत चालली आहे, तेथेच चांदोलीच्या वाघाचे भवितव्यही ठरत आहे.

वाट चुकून आलेले नर वाघ काही काळ राहतात. पण वाघीण असल्यावाचून वंश वाढत नाही. आणि वाघिणी आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जात नाहीत. म्हणून केंद्र शासनाच्या अनुमतीने विदर्भातील वाघ सह्याद्रीत आणण्याचे ठरले, आणि २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात ताडोब्यातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. त्याआधी सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून भक्ष्याची तरतूद करण्यात आली होती. सागरेश्वरचे रान म्हणजे उजाड टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसाने उभे केलेले अरण्य. माणसाने लावलेल्या रानातले चितळ माणसाने ओस पाडलेल्या रानात जावे, ही परतफेडच म्हटली पाहिजे. हा प्रयोग सफळ होण्यास काळ लागेल. वाघिणीला हवी असते ती शांतता, पाणी, भक्ष्य आणि पिले लपविण्यास निवांत जागा. वाघ पाहावयास आलेल्यांची झुंबड तिला नको असते.

परंतु चांदोलीची कथा वाघाजवळ संपत नाही. झोळंबीच्या वाटेवर चालताना मध्येच झाडी विरळ होते आणि गवताची सपाट खाचरे दिसू लागतात. नीट पाहिले तर बांध दिसतात. कोठे घराचे जोते, कोठे ओळीने लावलेले आंबे. प्रवाशास वाटते, किती हे निर्मनुष्य रान! पण हे रान पूर्वीपासून निर्मनुष्य नव्हते. झोळंबी, रुंदिव, निवळे, सोनार्ली ही गावे होती. नाचणी आणि भात पिकत होता, जत्रा भरत होत्या. प्रथम धरणाने आणि मग उद्यानाने या गावांना उठविले. माणसे खाली सपाटीवरील वसाहतींत गेली. काहींना जमीन मिळाली; काहींना ती मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली या विस्थापितांसाठी दीर्घकाळ आंदोलने केली. जगातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची कथाही याहून वेगळी नाही. यलोस्टोनच्या मूळ रहिवाशांनाही ती भूमी सोडावी लागली होती.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. गावे उठल्यामुळे रान वाढले, हे सत्य आहे. जुन्या शेतांतील गवतावर आज गवे आणि सांबरे चरतात. वाघाला हवे असलेले भक्ष्य तेथेच वाढते. पण ज्यांनी ही किंमत मोजली, त्यांच्या मुलाबाळांना त्या रानाचा लाभ काय, हेही विचारलेच पाहिजे. शहरातून आलेला प्रवासी तिकीट काढून ज्या सड्यावर फुले पाहतो, तेथे एके काळी गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याला जावयाचे तर अनुमती मागावी लागते. या विसंगतीवर सोपा तोडगा नाही. परंतु प्रवासी निदान एवढे करू शकतो, की वाटाड्या म्हणून स्थानिक माणूस घ्यावा, मुक्काम व जेवण पायथ्याच्या गावांत करावे, त्याचा योग्य मोबदला आनंदाने द्यावा, आणि जोत्यावर बसून भाकरी खाताना ते कोणाचे तरी घर होते याचे भान ठेवावे. रान राखण्यात ज्याची भाकरी गुंतली आहे, तोच ते मनापासून राखतो, हा अनुभव जगभरचा आहे.

प्रवासाच्या काळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पावसाळ्यात उद्यान बंद असते. पाऊस सरल्यावर ते उघडते, तेव्हा सड्यांवर फुलांचा शेवटचा बहर आणि झाडीत जळवांचा उपद्रव दोन्ही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पायी हिंडण्यास उत्तम काळ. मार्चनंतर ऊन वाढते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी अधिक दिसतात. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे पिकतात, आणि पहिल्या पावसाच्या तोंडाशी काजव्यांनी झाडे लखलखतात. वस्त्रे मातकट वा हिरव्या रंगाची असावीत. अत्तर लावू नये, कारण नाकाच्या जोरावर जगणाऱ्या प्राण्यांस ते कोसावरून कळते. पाणी बरोबर घ्यावे. विस्तव पेटवू नये. कारवीचे वाळके रान एका ठिणगीने पेटते, आणि त्या आगीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी प्रथम मरतात. प्राण्यांना खाद्य देऊ नये. नेलेली प्रत्येक वस्तू, विशेषतः प्लास्टिक, परत आणावी. गवा समोर आला तर स्तब्ध उभे राहून त्याला वाट द्यावी. त्या वाटेवर पहिला हक्क त्याचा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मौन पाळावे. हिमालयाच्या शिखरांसमोर माणूस आपोआप गप्प होतो. सह्याद्रीला ती उंची नाही, त्यामुळे येथे त्याला स्वतःहून गप्प व्हावे लागते. पहाटे सड्याच्या कडेला तास-दीड तास न बोलता बसणारा माणूस पुष्कळ काही घेऊन परततो. प्रथम शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ येते. मग दरीतले धुके हलते, शेकरू फांदी बदलते, दूरवर गव्याचा कळप जुन्या भातखाचरात उतरतो. वाघ दिसत नाही. परंतु तो त्या रानात असू शकेल, पुन्हा नांदू लागेल, या जाणिवेने साऱ्या रानाला एक निराळेच गांभीर्य येते.

कोपर्निकसने पृथ्वीला केंद्रावरून हलविले, त्यामुळे पृथ्वीचे मोल कमी झाले नाही. तिची खरी जागा मात्र समजली. चांदोलीहून परतणारा प्रवासी खाली उतरून येतो, उसाच्या मळ्यांत पाट वाहताना पाहतो, घरी नळ उघडतो आणि त्या पाण्याची वाट त्याला मागे मागे डोंगरापर्यंत दिसू लागते : नदी, धरण, ओढा, झाडाची मुळे, सड्यावरील बोटभर माती, आणि त्या मातीवरून एके काळी उठून गेलेली माणसे. एवढे ज्याला दिसू लागले, त्याचा चांदोलीचा प्रवास सार्थकी लागला असे समजावे.